अमेरिकेच्या मित्रदेशाने केलेली टीका रास्त आहे का, हे कसे तपासावे

जर्मनी, फ्रान्स, कॅनडा किंवा तुर्कस्तानने अमेरिकेच्या एखाद्या निर्णयावर तोंड उघडले की दोन वाक्ये ठरलेली असतात. एकीकडून "खाल्ल्या मिठाला जागा", दुसरीकडून "बरे झाले, कोणीतरी सुनावले". दोन्ही वाक्ये मूळ टीका न वाचताही म्हणता येतात, म्हणूनच ती कामाची नाहीत. मित्रदेशाने अमेरिकेवर टीका करावी का, हा प्रश्न खरे तर फार अवघड नाही. त्याचे उत्तर खाली तिसऱ्या टप्प्यात येते. कस लागतो तो पुढे: ही टीका, त्या दिवशी, त्या देशाने केली ती रास्त होती का? लेख लिहिणाऱ्यांना, वादविवादाची तयारी करणाऱ्यांना आणि वर्गात हा विषय शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी तपासणीची रीत इथे दिली आहे. एका टीकेला दोन-तीन तास द्यावे लागतात. त्याहून कमी वेळात होते ती नुसती शेरेबाजी.

पहिला टप्पा: कागद जमवा

चार कागद हवेत. टीकेचा पूर्ण मजकूर, ज्या अमेरिकी निर्णयावर टीका आहे त्याचा मजकूर, त्या देशाचा अमेरिकेशी असलेला करार, आणि दोन्हीकडच्या घटनांची तारीखवार यादी. कुठे मतदान झाले असेल तर मतांचे आकडेही हवेत. ते मथळ्यावरून घेऊ नका, कामकाजाच्या नोंदीतून घ्या.

आकडे का हवेत, ते एका उदाहरणात दिसते. १ मार्च २००३ रोजी तुर्कस्तानच्या संसदेपुढे अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून उत्तर इराककडे जाऊ देण्याचा प्रस्ताव आला. बाजूने २६४ मते, विरोधात २५०, तटस्थ १९. होकार नकारापेक्षा जास्त होते, तरी प्रस्ताव पडला, कारण हजर ५३३ सदस्यांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे २६७ मते लागत होती. तीन मते कमी पडली. शिवाय प्रस्ताव मांडला होता तो सरकारनेच. आता "तुर्कस्तानने अमेरिकेला ठणकावून नकार दिला" हे वाक्य पुन्हा वाचा. एक काठावरचा संसदीय निकाल, सरकारच्या इच्छेविरुद्ध लागलेला, त्याला आपण राष्ट्रीय टीका म्हणून बसतो. इथूनच पुढची सगळी तपासणी वाकडी होते.

याच टप्प्यावर बोलणारा कोण तेही नोंदवा: राष्ट्रप्रमुख, मंत्री, संसद, की एखादा प्रांत. जपानच्या एकूण भूभागापैकी जेमतेम ०.६ टक्के ओकिनावात आहे, आणि अमेरिकी सैन्याच्या खास वापरातल्या तळांची सुमारे ७० टक्के जमीन तिथेच आहे. ओकिनावाची तक्रार आणि टोकियोची भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र केल्या की "जपानचे म्हणणे" नावाचा असा काही प्रकार तयार होतो जो कोणीच म्हटलेला नसतो.

दुसरा टप्पा: देश करारबद्ध आहे का, आणि टीका कशावर आहे

मैत्री आणि करार यांत गल्लत नको. उत्तर अटलांटिक करारावर उभ्या असलेल्या नाटो या लष्करी आघाडीत अमेरिका धरून ३२ देश आहेत. स्वीडन ७ मार्च २०२४ ला आला तो शेवटचा. आशिया-पॅसिफिकमध्ये जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांच्याशी वेगवेगळे करार आहेत. "नाटोबाहेरचा प्रमुख मित्र" हा दर्जा अमेरिकी कायद्याने मिळतो, पण त्यात संरक्षणाची हमी नसते. पाकिस्तानला तो २००४ मध्ये मिळाला, म्हणून पाकिस्तान जर्मनीच्या रांगेत बसत नाही. भारताशी तर संरक्षण करारच नाही. २०१६ पासून तो "प्रमुख संरक्षण भागीदार" आहे. टीकेचा अधिकार यापैकी प्रत्येकाला आहे, पण मित्र म्हणून जे खास निकष पुढे लावायचे ते करारबद्ध देशांनाच लागतात.

मग टीका एका वाक्यात मांडा आणि ती तीनपैकी कोणत्या गोष्टीवर आहे ते ठरवा: उद्दिष्ट, साधन की रीत. अमेरिकेने २९ फेब्रुवारी २०२० ला दोहा येथे तालिबानशी करार केला तेव्हा काबूलचे सरकार त्या टेबलावर नव्हते, आणि त्या करारात माघारीचे वेळापत्रक होते ते मित्रदेशांच्या सैन्यासकट. पुढे १४ एप्रिल २०२१ ला माघार जाहीर झाली. युरोपातल्या कित्येकांना अफगाणिस्तानातून बाहेर पडायचेच होते. त्यांची तक्रार होती ती आपल्याला विचारात कितपत घेतले याबद्दल. तिला "माघारीला विरोध" म्हणून खोडून काढणे म्हणजे न केलेल्या आरोपाला उत्तर देणे. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वाद याच गल्लतीवर वाया जातात.

तिसरा टप्पा: हक्काचा प्रश्न एकदाच मिटवा

४ एप्रिल १९४९ च्या उत्तर अटलांटिक कराराचे चौथे कलम काढून वाचा. कोणत्याही सदस्याच्या मते कोणाची भूमी, स्वातंत्र्य वा सुरक्षितता धोक्यात असेल तर सर्वांनी एकत्र सल्लामसलत करायची, असे ते सांगते. "कोणत्याही" हा त्यातला वजनदार शब्द. फक्त मोठ्या देशाच्या मते, असे तिथे म्हटलेले नाही. १९५६ च्या अखेरीस कॅनडाचे लेस्टर पिअर्सन, इटलीचे गाएतानो मार्तिनो आणि नॉर्वेचे हाल्वार लांगे या तीन परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीने या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला: आधीच घेतलेला निर्णय कळवणे म्हणजे सल्लामसलत नव्हे, मते ठाम होण्यापूर्वी बोलले पाहिजे.

या समितीचा अहवाल निघाला त्याला सुएझ कालव्यावरून पेटलेल्या संघर्षाची पार्श्वभूमी होती आणि तिथे टीका करणारा देश अमेरिका होता. २९ ऑक्टोबर १९५६ ला इस्राएलने सिनाईत सैन्य घुसवले. दोन दिवसांत ब्रिटन-फ्रान्सची विमाने इजिप्तवर बॉम्ब टाकू लागली. अमेरिकेच्या आयझेनहॉवर सरकारने ब्रिटन-फ्रान्स या दोन्ही मित्रांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत उघड भूमिका घेतली आणि पौंड डळमळत असताना ब्रिटनला आर्थिक मदत मिळू दिली नाही. ६ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्धबंदी मान्य केली. मित्राला चारचौघांत अडवण्याचा पायंडा असा अमेरिकेनेच घालून दिला आहे. तो एकाच बाजूने चालेल असे म्हणता येत नाही.

हक्काबद्दल एवढे लिहून पुढे जा. इथेच रेंगाळणारे लेख शेवटपर्यंत मुद्द्यावर येत नाहीत.

चौथा टप्पा: झळ कोणाला किती

टीका करणाऱ्याला त्या निर्णयाची झळ किती बसते ते मोजा. झळ तीन वाटांनी पोचते.

पहिली, सैनिक आणि तळ. नाटोचे पाचवे कलम, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, आजवर एकदाच लागू झाले: ११ सप्टेंबर २००१ नंतर, अमेरिकेसाठी. त्यापाठोपाठ अफगाणिस्तानात ब्रिटनने ४५७ सैनिक गमावले, आणि तेव्हा साठ लाखांहून कमी वस्तीच्या डेन्मार्कने चाळीसहून अधिक. ज्यांच्या घरी पेट्या परत आल्या त्यांना त्या युद्धाच्या शेवटाबद्दल विचारायचा अधिकार आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागू नये.

दुसरी, कायदा. १९९६ चा हेल्म्स-बर्टन कायदा क्यूबाशी व्यवहार करणाऱ्या परदेशी कंपन्यांपर्यंत पोचतो. युरोपीय संघाने त्याच वर्षी आपल्या कंपन्यांना तो पाळण्यापासून रोखणारा नियम केला. कॅनडानेही आपला कायदा बदलला. अमेरिकेचा कायदा थेट तुमच्या नागरिकावर चालत असेल तर तुमच्या टीकेचा पाया सर्वांत भक्कम असतो.

तिसरी, शेजार. युद्ध इराकमध्ये झाले, सीमा तुर्कस्तानची.

आता पैशांचा मुद्दा. २०१४ मध्ये वेल्सच्या बैठकीत सदस्यांनी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के संरक्षणावर खर्चण्याचे मान्य केले तेव्हा तो आकडा गाठणारे तीनच देश होते. २०२५ मध्ये हेग येथे २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले: ३.५ थेट संरक्षणावर आणि १.५ संबंधित बाबींवर. बाकीचे देश पुरेसा खर्च करत नाहीत ही अमेरिकेची तक्रार कित्येक वर्षे खरीच होती, आणि टीका बोज्याच्या वाटणीविषयी असेल तर हा हिशेब मांडलाच पाहिजे. पण एखाद्या युद्धाचे पुरावे कच्चे आहेत असे कोणी म्हटले, तर त्याचा खर्च १.४ टक्के आहे की २.४, याने पुरावे पक्के होत नाहीत. खर्चाचा आकडा बोज्याच्या वादात वापरा; पुराव्याच्या वादात तो खोडून टाका.

पाचवा टप्पा: टीकाकाराचे हात पाहा

टीकाकार तेच काम स्वतः करत होता का? ऑक्टोबर २०१३ मध्ये आपला फोन अमेरिकी गुप्तचरांच्या नजरेखाली होता हे कळल्यावर जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी मित्रांमध्ये हेरगिरी चालणार नाही असे बजावले. २०१५ मध्ये उघड झाले की जर्मनीच्या गुप्तचर संस्थेनेही युरोपातल्या मित्रांवरच्या पाळतीत अमेरिकेला हातभार लावला होता. व्हिएतनाम युद्धात कॅनडाने लढायला सैन्य धाडले नाही, पण कॅनडातल्या कारखान्यांतून अमेरिकेला युद्धसामग्री जात राहिली.

यातून काढायचा निष्कर्ष मोजूनमापून काढा. हात मळलेले असले म्हणून टीका खोटी ठरत नाही. मर्केल यांचा आक्षेप बरोबरच होता. कमी होतो तो नैतिक उंचीवरून बोलण्याचा अधिकार. म्हणून निकालात "आक्षेप खरा, सूर चढा" असे दोन वेगळे शेरे द्या. "तुम्हीही तेच करता" एवढ्यावर फाइल बंद करणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक.

आणखी एक चाचणी फार उपयोगी पडते: बोलणारा बदलून पाहा. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर बळाचा वापर करायला परवानगी देणाऱ्या ठरावाविरुद्ध अमेरिकेच्याच सिनेटमध्ये २३ आणि प्रतिनिधिगृहात १३३ मते पडली. जे वाक्य अमेरिकी सिनेटर म्हणू शकतो आणि कोणी त्याला देशद्वेष्टा ठरवत नाही, ते बर्लिन किंवा ओटावातून आले म्हणून अमेरिकाद्वेष होत नाही. उलट, केवळ परक्याच्याच तोंडी शोभणारे, अमेरिकी माणसांच्या स्वभावावर घसरणारे वाक्य असेल तर ते धोरणावरची टीका म्हणून धरू नका.

सहावा टप्पा: वेळ आणि जागा

निर्णय फिरवता येत असताना टीका झाली की नंतर? बंद दाराआड आधी सांगितले होते का?

तिसऱ्या टप्प्यातले तेच पिअर्सन पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले आणि २ एप्रिल १९६५ ला अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात बोलले. उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक सुरू होऊन एक महिना झाला होता. त्यांनी योग्य वेळी काही काळ बॉम्बफेक थांबवावी असे सुचवले. युद्ध चुकीचे आहे असे म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडला अमेरिकी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांची कॉलर धरली, असे त्या भेटीचे वर्णन आहे. जॉन्सन यांचा राग होता तो मुख्यतः जागेवर: माझ्या देशात येऊन, माझ्या लोकांसमोर. आमच्या मते पिअर्सन यांचा मजकूर मापात होता आणि वेळही बरोबर होती. जागा मात्र अशी निवडली की ऐकणाऱ्याला मजकुराऐवजी अपमान ऐकू आला. मे महिन्यात जॉन्सन यांनी काही दिवस बॉम्बफेक थांबवली, पण ती पिअर्सन यांच्या भाषणामुळे असे लिहू नका. आधी घडले आणि त्यामुळे घडले, यांतला फरक या विषयात वारंवार पुसला जातो.

याच्या शेजारी कॅरिबियन बेटावरच्या ग्रेनाडाचे प्रकरण ठेवा. २५ ऑक्टोबर १९८३ ला अमेरिकी सैन्य तिथे उतरले. ग्रेनाडा राष्ट्रकुलातला देश, राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणी. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी अमेरिकी अध्यक्ष रेगन यांना कारवाईआधीच खासगीत विरोध कळवला होता. तरी सुरक्षा परिषदेत निषेधाच्या ठरावावर ब्रिटन तटस्थ राहिला. ११ बाजूने, ३ तटस्थ, आणि अमेरिकेचा नकाराधिकार. आक्षेप स्पष्ट, पण मित्राविरुद्धच्या ठरावाला हात वर केला नाही. हे पटो न पटो, टीकेच्या पायऱ्या असतात हे इथे दिसते: खासगी निरोप, जाहीर असहमती, तटस्थ मत, विरोधी मत, सहकार्याला नकार. टीकाकार कोणत्या पायरीवर होता आणि मधल्या पायऱ्या गाळून वर चढला का, ते लिहा.

सातवा टप्पा: पर्याय सुचवला का, आणि तो पेलणारा होता का

८ मे २०१८ ला अमेरिका इराणच्या अणुकरारातून बाहेर पडली. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने त्याच दिवशी संयुक्त निवेदन काढले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अहवालांनुसार इराण तेव्हा करार पाळत होता, त्यामुळे आक्षेपाला पुरावा होता. पर्याय म्हणून जानेवारी २०१९ मध्ये डॉलर टाळून इराणशी व्यापार करता यावा म्हणून इन्स्टेक्स ही व्यवहारयंत्रणा उभारली. तिच्यातून मार्च २०२० मध्ये औषधोपचाराच्या साहित्याचा एक व्यवहार झाला, आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली. युरोपच्या कंपन्यांना इराणच्या बाजारापेक्षा डॉलरची बाजारपेठ मोलाची होती. टीका खरी, पर्याय दुबळा. दोन्ही लिहा.

पूर्ण उदाहरण: जर्मनी आणि इराक, २००२–०३

इथे सगळे टप्पे एकत्र चालवून पाहू, कारण या प्रकरणात एकाच देशाची टीका एका अंगाने भक्कम आणि दुसऱ्या अंगाने लंगडी निघते.

टीका साधनावर आणि पुराव्यावर होती. इराकमधल्या शस्त्रतपासणीबद्दलचा ८ नोव्हेंबर २००२ चा ठराव १४४१ सुरक्षा परिषदेत १५ विरुद्ध ० ने मंजूर झाला होता. हान्स ब्लिक्स यांच्या हाताखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांचे काम सुरू होते. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेत पुरावे मांडले. ८ फेब्रुवारीला म्युनिकच्या परिषदेत जर्मनीचे परराष्ट्रमंत्री योश्का फिशर जर्मनमध्ये बोलताबोलता इंग्रजीत वळले आणि मला पटलेले नाही असे समोर बसलेले अमेरिकी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना म्हणाले. निर्णय अजून फिरवता येत होता. पर्यायही समोर होता: निरीक्षकांना आणखी वेळ. त्या दिवशी उपलब्ध माहितीवर हा आक्षेप रास्त होता. नंतर इराकमध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे साठे सापडले नाहीत म्हणून तो रास्त ठरवू नका. त्या दिवशी काय माहीत होते त्यावरच निकाल द्या. पुढच्या घटनेने मागच्या टीकेला गुण दिले तर नशिबाने बरोबर आलेलेही शहाणे ठरतात.

आता लंगडी बाजू. चॅन्सेलर गेर्हार्ड श्रोडर यांनी २००२ च्या निवडणूक प्रचारातच सहभागाला नकार जाहीर केला होता, आणि जानेवारी २००३ मध्ये युद्धाला मान्यता देणाऱ्या ठरावाला जर्मनी पाठिंबा देईल अशी अपेक्षा नको असे सांगितले. निरीक्षकांचे काम संपण्याआधीच उत्तर ठरले असेल तर निरीक्षकांच्या नावाने बोलण्याचे वजन घटते. त्याच प्रचारात न्यायमंत्र्यांनी बुश यांच्या डावपेचांची तुलना हिटलरशी केल्याची बातमी आली. निवडणुकीनंतर त्या मंत्रिमंडळात राहिल्या नाहीत. शिवाय पॉवेल यांनी दाखवलेल्या जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांचा दावा ज्या इराकी खबऱ्यावर उभा होता, तो जर्मन गुप्तचरांचाच होता.

सर्वांत लंगडी गोष्ट फेब्रुवारीत घडली. इराकचे युद्ध पेटले तर तुर्कस्तानच्या बचावाची आखणी करायला जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमने नाटोत अडवले. १० फेब्रुवारीला तुर्कस्तानने चौथे कलम पुढे केले. १६ तारखेला फ्रान्स ज्यात नव्हता अशा संरक्षण नियोजन समितीतून वाट निघाली. अमेरिकेवरच्या नाराजीपायी तिसऱ्या मित्राचे संरक्षण सहा दिवस टांगून ठेवणे हे आम्हाला समर्थनीय वाटत नाही. तो आक्षेपही नव्हता आणि पर्यायही नव्हता.

दुसरीकडे झळ आणि वाटा पाहिला तर जर्मनी मागे हटलेला नव्हता. त्याच फेब्रुवारीत काबूलमधल्या आंतरराष्ट्रीय सैन्याचे नेतृत्व जर्मनी आणि नेदरलँड्सने हाती घेतले, आणि जर्मनीतले अमेरिकी तळ व आकाशमार्ग अमेरिकेला खुले राहिले.

निकाल लिहिण्याची रीत

निकाल चार वाक्यांत बसवा आणि प्रत्येकात तारीख घाला. वरच्या प्रकरणाचा नमुना असा:

"फेब्रुवारी २००३ मध्ये जर्मनीने इराक युद्धाच्या पुराव्यांवर घेतलेला आक्षेप त्या वेळच्या माहितीवर रास्त होता आणि त्याला पर्याय जोडलेला होता. ऑगस्ट २००२ पासूनच्या प्रचारातल्या ठाम नकारामुळे त्याची निष्पक्षता कमी झाली. १० ते १६ फेब्रुवारीची नाटोतली अडवणूक रास्त नव्हती. फेब्रुवारी २००३ मधला अफगाणिस्तानातला वाटा आणि खुले तळ पाहता 'फुकट्या मित्र' हा आरोप लागू पडत नाही."

असे लिहिल्यावर वाचक कोणत्याही एका वाक्याशी भांडू शकतो, बाकीची तीन तशीच राहतात. "जर्मनी बरोबर होता" असे एकच वाक्य लिहिले तर एक तारीख चुकली तरी सगळे कोसळते.

सरावासाठी रशियाचा नैसर्गिक वायू जर्मनीत आणण्यासाठी बांधलेली नॉर्ड स्ट्रीम २ ही वाहिनी घ्या. डिसेंबर २०१९ च्या अमेरिकी निर्बंधांना जर्मनीने अंतर्गत बाबींतला हस्तक्षेप म्हटले. पोलंडचा त्या वाहिनीला आधीपासून विरोध होता. २२ फेब्रुवारी २०२२ ला जर्मनीनेच तिची मंजुरी थांबवली. दुसऱ्या देशाच्या कंपन्यांवर निर्बंध लादण्याच्या रीतीवरचा आक्षेप एका रकान्यात लिहा आणि वाहिनी हा निव्वळ व्यापार आहे हा दावा दुसऱ्यात. मग दोन्ही रकाने पोलंडच्या जागेवरून एकदा वाचून पाहा.